भाषेचे नाव बदला, पण खर्च कोणाच्या खात्यावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रोग्रॅमिंग भाषांच्या नावांवर आलेला लेख वाचला. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे, की मुक्तस्रोत भाषा (ज्यांचा कोड, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम, सर्वांना खुला असतो) मागे पडतात त्याला त्यांची जुनाट आणि विचित्र नावे जबाबदार आहेत. कंपन्या आपल्या मालाची नावे काळानुसार बदलतात, तशी या प्रकल्पांनीही बदलावीत, म्हणजे तरुण मंडळी पुन्हा वळतील. लेख चुरचुरीत आहे. पण ते नाव ज्यांच्या बोटांखालून रोज जाते, त्या माणसांचा त्यात पत्ताच नाही. मी त्यांतली एक, म्हणून हे पत्र. लांबले तर खुशाल कात्री चालवा, फक्त पर्ल या भाषेची हकीकत तेवढी ठेवा.

मी निवृत्त सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. नोकरीची बहुतेक वर्षे पर्लमधल्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, सांभाळण्यात गेली. सर्व्हरच्या लॉग फाइली (कामाच्या नोंदी) रात्री चाळायच्या आणि सकाळी साहेबांच्या मेलमध्ये अहवाल टाकायचा, हे त्यांचे काम. हल्ली मी एका छोट्या मुक्तस्रोत भाषेतली तारखांची लायब्ररी, म्हणजे इतरांच्या प्रोग्रॅमना आयता वापरता येणारा कोड, सांभाळते. हजार पद्धतींनी लिहिलेल्या तारखा ओळखायच्या, त्यांची वजाबाकी करायची, लीप वर्षाची भांडणे मिटवायची. बिनपगारी काम, पण मन रमते. त्या भाषेचे नाव बदलावे असा प्रस्ताव आला आहे आणि त्यावर मतदान व्हायचे आहे. भाषेचे नाव इथे लिहीत नाही. वर्तमानपत्रातून प्रचार केला असा आळ नको.

कंपनीने मालाचे नाव बदलले की वेष्टन बदलते, जाहिरात बदलते आणि बिल कंपनी भरते. प्रोग्रॅमिंग भाषेचे नाव कुठे कुठे मुरलेले असते ते पाहा. कमांड लाइनवर टाइप करायची आज्ञा म्हणजे तेच नाव. ही फाइल कोणाकडून चालवून घ्यायची हे स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिलेले असते, तिथे ते नाव. फाइलीच्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे तिच्या नावाच्या शेपटीत, त्याचे एखाददुसरे अक्षर. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या प्रत्येक वितरणात पॅकेजच्या (कोडच्या तयार गठ्ठ्याच्या) नावाआधी ते चिकटलेले. शिवाय एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (संगणकावर नोंदवून ठेवायच्या सेटिंगमध्ये), एडिटरच्या रंगांच्या फाइलींमध्ये, प्रश्नोत्तरांच्या टॅगमध्ये, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, नोकरीच्या जाहिरातींत आणि उमेदवाराच्या बायोडेटात. यातले प्रकल्पाच्या ताब्यात काय? कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राला कळेल असा करणारा प्रोग्रॅम) आणि स्वतःचे संकेतस्थळ. बाकी सगळे परक्या घरांत. ठराव करणारे ठराव करून मोकळे होतात आणि निस्तरत बसतात ती माणसे, ज्यांना असा काही ठराव होणार आहे याची गंधवार्ताही नसते.

खात्री करायची तर लिब्रऑफिस हे लिखाण-हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडा आणि संगणकावर चालू असलेल्या प्रोसेसची यादी पाहा. तिथे ‘सॉफिस’ दिसेल. हे स्टारऑफिसचे नाव. २००० साली सन कंपनीने स्टारऑफिसचा कोड खुला केला आणि ओपनऑफिस झाले. २०१० मध्ये मंडळी वेगळी झाली आणि लिब्रऑफिस झाले. पाटी दोनदा बदलली, आतला गडी मात्र अजून पहिल्याच नावाला ओ देतो. तसेच कोड आणि टिपणे एकत्र ठेवणाऱ्या ज्युपिटर या संगणकावरच्या वहीचे. आयपायथन नोटबुक ही वही पायथनपुरती उरली नाही, म्हणून २०१४ मध्ये ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांची अक्षरे घेऊन नवे नाव ठेवले. रास्त बदल. पण आजही ज्युपिटरची वही सेव्ह केली की फाइलीच्या शेवटी ‘आयपीवायएनबी’ लागते, म्हणजे आयपायथन नोटबुक. लोकांनी लिहून ठेवलेल्या वह्यांना त्यांनी हात लावला नाही. मला हे फार शहाणपणाचे वाटते. आपल्या लेखकाला बहुधा ते ‘अर्धवट रीब्रँडिंग’ वाटेल.

आता पर्ल. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये आणलेली भाषा. तिची पाचवी आवृत्ती १९९४ ची. जुलै २००० मध्ये सहावीची घोषणा झाली. ही डागडुजी नाही, पायापासून नवे बांधकाम आहे, हेही तेव्हाच सांगितले गेले. लोकांकडून सूचना मागवल्या तर ३६१ प्रस्ताव आले. ते सगळे पोटात घेऊन भाषा आखायची, मग तिचा कंपायलर लिहायचा. पहिली स्थिर आवृत्ती निघाली ती २०१५ च्या नाताळात. मधल्या काळात पाचवी काही स्वस्थ बसली नव्हती. २००२ मध्ये ५.८ आली, २००७ मध्ये ५.१०, आणि २०१० पासून तर दर वर्षी नवी आवृत्ती नेमाने येते आहे. पण हे ठाऊक कोणाला? पर्ल लिहिणाऱ्यांना. बाकीच्या जगाला दिसत होता फक्त आकडा. पाचानंतर सहा येतो, म्हणजे पाच आता जाणार.

आमच्या कार्यालयात एका वरिष्ठांनी मला अगदी सरळ प्रश्न विचारला होता. “सहावी येतेय ना? मग पाचवीत नवे काम कशाला करायचे?” मी सांगितले, की साहेब, सहावी ही वेगळी भाषा आहे, आपल्या स्क्रिप्ट तिच्यात जशाच्या तशा चालणार नाहीत. त्यावर ते म्हणाले, “वेगळी आहे तर तिला सहावी का म्हणतात?” माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे तर कोणाकडेच नव्हते. साहेब चुकीचे बोलत नव्हते, नावाने जे सांगितले तेच ते ऐकत होते. नवे अहवाल दुसऱ्या भाषेत लिहायचे ठरले, जुन्या स्क्रिप्ट माझ्याकडे राहिल्या आणि मी निवृत्त होईपर्यंत बिनतक्रार चालल्या.

त्या एका आकड्याने दोन्ही घरांचे नुकसान केले. पाचवीवाले जिवंत असून मरणपंथाला लागल्यासारखे दिसत होते. सहावीवाल्यांनी एक निराळी, डोकेबाज भाषा घडवली, तरी त्यांच्या वाट्याला पहिला प्रश्न ठरलेला. इतकी वर्षे का लागली आणि जुना कोड का चालत नाही? ऑगस्ट २०१९ मध्ये सहावीच्याच आतल्या मंडळींकडून नाव बदलण्याचा रीतसर प्रस्ताव आला. नावातला ‘पर्ल’ गोंधळात टाकतो आणि चीड आणतो, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. ऑक्टोबरमध्ये लॅरी वॉल यांनी होकार दिला. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, हा बायबलमधला दाखला त्यांनी त्या वेळी दिला. भाषेचे नाव झाले राकू. हे नाव आकाशातून पडलेले नव्हते. तिच्या कंपायलरचे नाव आधीपासून राकुडो होते, त्यातूनच ते आले.

त्यानंतर कामाला सुरुवात झाली. ‘पीएल६’ आणि ‘पीएम६’ने संपणाऱ्या फाइलींसाठी ‘राकू’ आणि ‘राकूमॉड’ ही नवी एक्स्टेन्शन्स आली. पर्लच्या नावाचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून राकूच्या नावाचे झाले. डॉक्युमेंटेशनचे संकेतस्थळ हलले. एडिटरवाल्यांना, लिनक्स वितरणांना, प्रश्नोत्तरांच्या टॅगवाल्यांना एकेक करून कळवावे लागले. भाषा तुलनेने लहान होती म्हणून हे झेपले. नवी आवृत्ती मागायची जुनी ओळ, जिच्यात फक्त ‘सहा’ आहे, ती अजून चालते. तिला चालू दिले, हे बरे केले.

माझ्या मते हे नामांतर शंभर टक्के योग्य होते. आणि वरातीमागून घोडे होते. पंधरा वर्षांत व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. पण आपल्या लेखकाने लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. नाव बदलल्यावर राकूकडे झुंडी आल्या का? नाही. ती आजही थोड्या, जीव लावणाऱ्या लोकांची भाषा आहे. मिळाले ते एवढेच, की तिला आता कोणी पाचवीची वारसदार समजत नाही आणि पाचवीला कोणी मरायला टेकलेली समजत नाही. माझ्या लेखी हे पुष्कळ आहे. जाहिरातवाल्याच्या लेखी शून्य. पर्लवाल्यांनी जून २०२० मध्ये सातवी जाहीर केली होती, तीही बारगळली. २०२५ मधली आवृत्ती ५.४२ आहे. सहा हा आकडा तेवढा मधल्या मध्ये रिकामा पडून राहिला.

(पीएचपी या भाषेचेही सहाशी असेच वाकडे. सहावी आवृत्ती अर्ध्यावर सोडून २०१५ मध्ये ते थेट सातवर गेले. तोवर सहावीवरची पुस्तके छापूनही झाली होती. कधीच न आलेल्या आवृत्तीची पुस्तके!)

लेखात आणखी एका नामांतराची टिंगल आहे, ‘अतिसंवेदनशीलपणाचा कळस’ म्हणून. त्याबद्दल मात्र मला चार शब्द जास्त लिहावे लागतील. गणिताची सिद्धता संगणकाकडून ओळ न ओळ तपासून घेण्याचे एक साधन फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेत १९८४ पासून घडते आहे. चार रंगांच्या प्रमेयाची (कोणत्याही नकाशात शेजारी वेगळे दिसायला चार रंग पुरतात) सिद्धता जॉर्ज गाँतिए यांनी २००५ मध्ये त्यातच तपासून पुरी केली. चूक होऊ नये म्हणून गणिताने सिद्ध केलेला कॉम्पसर्ट हा सी भाषेचा कंपायलरही त्यातच लिहिला गेला. नाव होते ‘कॉक’. फ्रेंचमध्ये कोंबडा, शिवाय थिएरी कोकाँ या मूळ संशोधकांच्या आडनावाची सावली आणि ज्या तर्कपद्धतीवर ते उभे आहे तिची आद्याक्षरेही. घरच्यांनी प्रेमाने ठेवलेले नाव. पण इंग्रजीत त्याच उच्चाराचा शब्द पुरुषाच्या अवयवासाठी वापरतात, आणि या क्षेत्रातले सगळे बोलणे इंग्रजीत चालते.

“लोकांनीच जरा मोठे व्हावे,” असे विरोधक म्हणायचे. बोलायला सोपे आहे. एखादी तरुण मुलगी मुलाखतीला बसली आहे आणि समोरचे विचारतात, कशावर काम करतेस? किंवा भर वर्गात शिकवताना ते नाव तासाभरात पन्नास वेळा घ्यायचे आहे. खुसखुस होते, शेरे येतात, मग आपणच नाव घ्यायचे टाळतो. संशोधक बायकांनी हे अनुभव मांडले, तेव्हा प्रकल्पाने ते ऐकून घेतले. तंत्रज्ञांच्या खोलीत एकटी बाई म्हणून मी नोकरी काढली आहे, त्यामुळे मला यात अतिसंवेदनशील काही दिसत नाही. काम चोख असून त्याचे नाव तोंडाने घ्यायची चोरी, हा नावाचा दोष आहे. आणि गंमत अशी, की विक्री वाढावी म्हणून नाव बदला म्हणणारे आपले लेखक, माणसांना त्रास होतो म्हणून बदललेल्या नावावर हसतात.

कॉकवाल्यांनी ते केले कसे, हेही पाहण्यासारखे आहे. २०२१ मध्ये चर्चा उघडपणे सुरू झाली. पुढच्या वर्षी वापरकर्त्यांची पाहणी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘रॉक’ हे नाव जाहीर झाले. इन्रिया जिथे सुरू झाली त्या रॉकांकूर गावाचा त्यात अंश आहे, आणि दंतकथेतल्या त्या अवाढव्य पक्ष्याचाही, म्हणजे पाखरू राहिलेच. प्रत्यक्ष नव्या नावाची ९.० आवृत्ती आली मार्च २०२५ मध्ये. जुन्या आज्ञा एका वेगळ्या पॅकेजात जपून ठेवल्या. जुन्या नावाने लायब्ररी मागवली तर सूचना दिसते, पण काम अडत नाही. फाइलीचे एक्स्टेन्शन होते फक्त ‘व्ही’, त्यात नाव नव्हतेच, म्हणून तिथे काहीच करावे लागले नाही. पुढे कधी नवी भाषा काढाल तर एक्स्टेन्शनमध्ये नाव घालू नका, हा फुकटचा सल्ला.

वकिलांमुळे होणारी नामांतरे वेगळी. त्यात मत विचारतच नाहीत. ओरॅकल कंपनीने २०१७ मध्ये जावा ईई (जावा भाषेतल्या मोठ्या व्यावसायिक प्रोग्रॅमसाठीचे प्रमाण) एक्लिप्स फाउंडेशन या मुक्तस्रोत संस्थेकडे सोपवायचे ठरवले, पण ‘जावा’ या ट्रेडमार्कवरचा हक्क स्वतःकडेच ठेवला. म्हणून २०१८ मध्ये ते जकार्ता ईई झाले. तेवढ्यावर भागले असते तर ठीक. ट्रेडमार्क कसा वापरायचा यावर दोघांचे जमले नाही आणि २०२० च्या नवव्या आवृत्तीत कोडमधल्या ‘जावाएक्स’ने सुरू होणाऱ्या पॅकेजांची नावे ‘जकार्ता’ने सुरू करावी लागली. जगभरच्या लाखो फाइलींमध्ये इम्पोर्टच्या (दुसऱ्याचा कोड मागवणाऱ्या) ओळी बदला, त्या ज्या लायब्ररींवर उभ्या आहेत त्यांनी आधी बदलण्याची वाट पाहा. स्प्रिंग बूट या जावातल्या साधनाची तिसरी आवृत्ती २०२२ अखेरीस आली तिने नवेच नाव लागेल असे सांगितले, तेव्हा अनेक संघांना पहिल्यांदा कळले की आपल्याला हे काम आहे. या बदलाने एकाही प्रोग्रॅममध्ये एकाही नव्या गुणाची भर पडली नाही.

याच्या उलट टोकाला वेबपानांत चालणारी जावास्क्रिप्ट. आधी मोचा, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि डिसेंबर १९९५ मध्ये, जावाचा बोलबाला पाहून, जावास्क्रिप्ट. प्रमाणीकरणाच्या वेळी, १९९७ मध्ये, तिला एक्मास्क्रिप्ट असे कायदेशीर नाव मिळाले. ते कागदावर आहे, तोंडात कोणाच्याही नाही. ‘जावास्क्रिप्ट’ या ट्रेडमार्कची मालकी सनकडून ओरॅकलकडे गेली आणि तो रद्द व्हावा म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये डेनो कंपनीने अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयात अर्ज केला. तीस वर्षांमागे प्रसिद्धीसाठी उसने घेतलेले नाव, त्याचे व्याज अजून भरणे चालू आहे. संपादक महाशय, खुद्द आपल्या लेखात जावास्क्रिप्टला ‘जावाची सोपी आवृत्ती’ म्हटले आहे. तसे काही नाही. दोन्ही भाषा वेगळ्या आहेत. कृपया दुरुस्ती छापावी. बाजारात खपेल म्हणून ठेवलेले नाव काय करते याचे आणखी उदाहरण शोधायला मला लांब जावे लागले नाही.

लहान प्रकल्पाकडे नावाखेरीज दुसरी मालमत्ता नसते, हे ‘गो’च्या वेळी दिसले. गूगलने नोव्हेंबर २००९ मध्ये गो ही भाषा जाहीर केली. त्याआधीच, २००३ पासून, फ्रँक मॅककेब आणि कीथ क्लार्क यांची ‘गो!’ नावाची भाषा होती, उद्गारचिन्हासकट. मॅककेब यांनी तिच्यावर पुस्तकही लिहिले होते. गूगलच्या प्रकल्पाकडे त्यांनी तक्रार नोंदवली, हे नाव मी आधीच वापरले आहे म्हणून. ती नववी तक्रार होती. वर्षभराने तिच्यावर ‘दुर्दैवी’ असा शेरा मारून ती बंद केली. आपल्या लेखात गोचे उदाहरण ‘छोटे, लक्षात राहणारे नाव’ म्हणून कौतुकाने दिले आहे. लक्षात राहते खरे. शोधायला मात्र लोक ‘गोलँग’ टाइप करतात, कारण नुसत्या ‘गो’ने काही हाती लागत नाही.

आमच्या भाषेच्या प्रस्तावाचे मुख्य कारण नेमके हेच आहे. तिचे नाव इंग्रजीतला साधा शब्द आहे आणि शोधले की भलतेच काही समोर येते. अडचण खरी आहे. पण सी आणि आर ही तर एकेका अक्षराची नावे. शोधायला याहून वाईट नाव कोणते असेल? लोकांनी मागे ‘लँग’ जोडायची, ‘प्रोग्रॅमिंग’ लिहायची सवय लावून घेतली आणि चालू झाले. संकेतस्थळाच्या पत्त्यात ती जोड दिली तर आमचेही भागेल. दुसरे कारण दिले जाते ते ‘नाव शिळे वाटते’ हे. आणि तिसरे, नवे लोक येत नाहीत.

तिसऱ्या कारणावर मी चिडते. नवे लोक का येत नाहीत ते मला माहीत आहे, कारण त्यांचे मेल मला येतात. विंडोजवर भाषा बसवताना मध्येच अडकते. डॉक्युमेंटेशनमधली पहिलीच उदाहरणे जुन्या आवृत्तीची आहेत, ती चालत नाहीत. चूक झाली की कंपायलर अर्धा पान भरून काहीतरी बोलतो आणि त्यात कोणत्या ओळीत चुकले तेवढे सांगत नाही. यातले एकही नाव बदलून सुटणारे नाही. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला. नव्या नावाच्या, नव्या बोधचिन्हाच्या चर्चेला जेवढी मंडळी जमली, त्यांतली चार जरी विंडोजच्या इन्स्टॉलरला बसली असती तर माझा मेलबॉक्स हलका झाला असता. पण इन्स्टॉलरवर मत द्यायला तो उघडून पाहावा लागतो, नावावर मत द्यायला काहीच लागत नाही.

नामांतराला माझा सरसकट विरोध नाही हे वरच्या उदाहरणांवरून दिसावे. पीएलटी स्कीमवाल्यांची भाषा स्कीम या मूळ भाषेच्या प्रमाणापासून इतकी दूर गेली, की स्कीम म्हणवून घेणे खोटे झाले. जून २०१० मध्ये त्यांनी रॅकेट हे नाव घेतले, आणि ज्या फाइलीच्या पहिल्या ओळीत अजून ‘स्कीम’ लिहिले आहे ती तरीही चालवली. निमरॉड या भाषेने २०१४ च्या शेवटी नाव आखडून निम केले, १.० आवृत्तीच्या कितीतरी आधी, जेव्हा मोडायला फारसे काही नव्हते. मतभेद होऊन प्रकल्पाला फाटा फुटतो तेव्हा नवे नाव लागतेच, त्यात वाद नाही. नाव दिशाभूल करत असेल, नाव घेणे माणसांना अवघड होत असेल, कायद्याने हात बांधले असतील, तर बदला आणि लवकर बदला. नाव कंटाळवाणे वाटते हे कारण या रांगेत बसत नाही.

मी सूचना केली, की ‘बदलायचे का’ आणि ‘काय ठेवायचे’ ही दोन मते वेगवेगळी घ्या. एकत्र घेतली की होते असे, प्रत्येकाच्या खिशात आपले लाडके नाव असते आणि तो त्याच्या आशेवर बदलाला हो म्हणतो, मग निवडून भलतेच येते. दुसरी सूचना, प्रस्ताव मांडणाऱ्यांनी मतदानाआधी कोडची एक वेगळी शाखा काढून दाखवावी, जिच्यात नव्या नावाचा कंपायलर आणि सगळी पॅकेजे जुळून चालतात. जुनी आज्ञा, जुने एक्स्टेन्शन आणि पॅकेजांची जुनी नावे कायमची मान्य राहतील असे लेखी द्यावे. दोन वर्षे नाही, कायमची. पहिली सूचना मान्य झाली. दुसरीवर, “एवढे काम आधीच करायचे आणि प्रस्ताव पडला तर?” असे उत्तर आले. म्हणजे काम किती आहे ते त्यांनाही कळते. प्रस्ताव मंजूर झाल्यावर ते कोणी करायचे, एवढेच बोलणे बाकी आहे.

माझ्या लायब्ररीच्या नावाआधी भाषेच्या नावाची दोन अक्षरे आहेत. ठराव झाला तर मी ती बदलीन आणि जुन्या नावाने मागणाऱ्यालाही देत राहीन. हे माझ्या हातात आहे. पण माझी लायब्ररी ज्या पॅकेजाच्या आधारावर उभी आहे, टाइम झोनचे गणित करणारे, त्याचे लेखक आता हयात नाहीत. त्यांचा कोड इतका नीटस आहे की इतक्या दिवसांत त्याला कोणाला हात लावावा लागला नाही. नवे नाव आले की लावावा लागेल, आणि त्या पॅकेजाची नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याची किल्ली कोणाकडेच नाही. पॅकेजांच्या भांडाराचे व्यवस्थापक मनावर घेतील तर मालकी दुसऱ्याकडे देता येते, पण त्याला रीत आहे, पडताळणी आहे, आणि ती असायलाच हवी. उद्या कोणीही उठून मेलेल्या माणसाच्या नावे कोड घालू लागला तर काय होईल, हे सांगायला नको. अशी, ज्यांचे लेखक गेले किंवा उत्तर देत नाहीत अशी, पॅकेजे आमच्याकडे किती आहेत? त्यांच्यावर आणखी किती उभी आहेत?

हा प्रश्न मी प्रस्तावकांना विचारला आणि मतदानाआधी त्या पॅकेजांची यादी मागितली. नव्या बोधचिन्हाचे तीन नमुने आले आहेत. यादी आलेली नाही. ती येईपर्यंत माझे मत विरोधात आहे, आणि तसे मी कळवले आहे.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर)